कॅ. आणि कै.

ब्रेड आणायला खाली उतरलो आणि बेकरीसमोरच्या चौकात मी वारलेलो दिसलो. मोठा फ्लेक्स होता, दोन खांबांच्या मध्ये ताणून बांधलेला. वारा आला की पोट फुगवायचा, वारा गेला की सोडायचा. एकंदरीत माझ्यापेक्षा बरा श्वास घेत होता. वर लिहिलं होतं, ‘स्मरण दिन : वीरांना वंदन, माजी सैनिकांचा सन्मान’. खाली फोटोंच्या दोन रांगा. वरच्या रांगेत गेलेले, काळ्या चौकटीत. खालच्या रांगेत राहिलेले, पिवळ्या चौकटीत. मी सवयीने स्वतःला खालच्या रांगेत शोधलं. तिथे नव्हतो. मनात म्हटलं, विसरले वाटतं, आणि जरा रागच आला. मग मान वर केली तर उजव्या टोकाला, सातवा, मी. चोवीस वर्षांचा, टोपी किंचित तिरकी, ओठांवर त्या काळी मला जी मिशी वाटायची ती रेघ, आणि खाली ठळक अक्षरांत माझं पूर्ण नाव. नावाआधी ‘कै.’. आता पन्नासेक वर्षं माझ्या नावाआधी ‘कॅ.’ लागत आलंय. कॅप्टनचं कॅ. क वर एक चंद्र, बाकी काही नाही. त्या चंद्राच्या जागी कुणीतरी दोन मात्रा देऊन टाकल्या होत्या. मग पुढच्या कुणीतरी ते ‘कै.’ वाचलं, आणि माणूस व्यवस्थित असणार, त्याने मला खालून उचलून वर नेऊन बसवलं.

धक्का मात्र त्या मात्रांचा बसला नाही. माझ्या वयाच्या माणसाची अशा बातमीला थोडीफार तयारी असतेच, फक्त ती आपल्यालाच वाचायला मिळेल असं वाटत नाही. धक्का बसला तो फोटोच्या कडेला. माझ्या डाव्या खांद्यामागून एक काळपट, वाकडी, टोकाला चेपलेली नळी बाहेर आली होती. ज्याला ठाऊक नाही त्याला ती बंदुकीची वाटेल. फ्लेक्सवाल्यालाही तशीच वाटली असणार, म्हणून तर त्याने ती ठेवली. ती किटलीची नळी होती. आणि ती किटली ज्याच्या हातात होती त्याला कापून टाकलं होतं. मी तिथेच उभा राहिलो, हातात रिकामी पिशवी, आणि जिभेवर एकदम रॉकेलचा वास असलेला चहा आला. वास जिभेवर येत नाही हे मलाही कळतं. पण त्या चहाचं तसंच होतं, चव नाकात आणि वास जिभेवर. पत्र्याचा मग दोन्ही हातांत धरायचा, आधी बोटं परत आपली व्हायची, मग नाक, आणि मग माणसं एकमेकांना शिव्या द्यायला लागायची, म्हणजे दिवस सुरू झाला असं समजायचं.

“काका, तुम्ही आहात होय,” बेकरीवाला म्हणाला. तो मला आपादमस्तक बघत होता. “मी आज तुमचा ब्रेड बाजूला काढलाच नाही.”

“बोर्ड वाचलास?”

“सकाळी लावला ना समोरच. वाईट वाटलं हो. बायकोला म्हटलंसुद्धा, परवा तर टोस्ट कडक नाहीत म्हणून भांडून गेले होते, चांगले धडधाकट होते.”

“टोस्ट नव्हतेच कडक.”

“नव्हते,” तो लगेच म्हणाला. गेलेल्या माणसाशी कोण वाद घालणार. मी जिवंत असताना हे त्याने कधी कबूल केलं नव्हतं.

घरी बायको माझ्या कोटाला इस्त्री करत होती. दर वर्षी या दिवशी ती हा कोट काढते, डाव्या खिशावरचं पदक लावायचं भोक बोटाने चाचपते, आणि दर वर्षी म्हणते की कोट आकसलाय. “ब्रेड?” तिने विचारलं. मी म्हटलं, “संपला. आणि मीही.” मग सगळं सांगितलं. तिने इस्त्री उभी केली, चष्मा बदलला, बाल्कनीत गेली आणि कठड्यावरून वाकून बराच वेळ चौकाकडे बघत राहिली. मला वाटलं, डोळे पुसते की काय. परत येऊन म्हणाली, “फोटो चांगला आहे. मला बघायला आलात तेव्हा कुठे गेला होता हा चेहरा?” आणि कोटाची दुसरी बाही ओढून घेतली. एवढ्यात फोन वाजला. फोनवर कार्यक्रमाची निवेदिका होती. ती एका शाळेत भाषा शिकवते आणि साध्या बोलण्यातही श्वास घ्यायच्या जागी विशेषण घालते. बायकोने फोन मोठ्या आवाजावर टाकला. “वहिनी, आपल्यासारख्या धीरोदात्त वीरपत्नीला आज व्यासपीठावर सन्मानाने आमंत्रित करताना मन अगदी भरून येतंय हो.” बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी बनियनवर उभा होतो. “येते ना,” ती म्हणाली, “पण हेही यायचं म्हणतायत. चालेल का?” पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. मग अगदी साध्या, विशेषण नसलेल्या आवाजात ती म्हणाली, “कोण हे?”

बुटाच्या नाड्या बांधायला मला हल्ली वेळ लागतो. वाकलं की रक्त डोक्यात उतरतं आणि त्याच्याबरोबर काय काय उतरतं. तो फोटो मी स्वतःच दिला होता. मूळ फोटोत आम्ही दोघं आहोत, मी आणि तो. पाठीमागे दगड रचून केलेली भिंत आणि तिच्यावर बर्फ. आमच्या ठाण्यावर तेव्हा जेमतेम डझनभर माणसं, मी नुकताच आलेला लेफ्टनंट, नकाशा उलटा धरला तरी आत्मविश्वास न सोडणारा, आणि तो स्वयंपाक करणारा शिपाई. त्याचं नाव हजेरीच्या कागदावर होतं, बाकी सगळे त्याला किटली म्हणायचे. त्याच्या हातात ती नसेल तर माणूस अपुरा वाटायचा. हजेरी मी घ्यायचो. एकेक नाव पुकारलं की एकेक ‘हजर’ यायचं, आणि त्याचं नाव आलं की वरच्या बाजूने, चुलीजवळून, आवाज यायचा, “आलो.” हवालदार चिडायचा. म्हणायचा, “हजर म्हण.” तर हा वरूनच, “हजर म्हणजे तिथे असणं. मी तर इथे आहे. साहेबांशी खोटं कसं बोलू?” “मग आलो हे काय खरं आहे?” “आलो हे खोटं नसतं, हवालदार. आलो म्हणजे अजून आलो नाही, हे सगळ्यांना माहीत असतं.” मग हवालदार मला पुढचं नाव पुकारायला सांगायचा. पुढे नोकरी सोडून मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी झालो, आयुष्यभर आगीच्या लाल बादल्यांमधून लोकांनी टाकलेल्या सिगारेटी काढल्या, आणि तिथे कुणी फोनवर ‘आलो, आलो’ म्हणताना ऐकलं की माझी मान आपोआप वर जायची. वर म्हणजे छताकडे. लोकांना वाटायचं, साहेब पत्रे तपासतायत.

शेवटच्या महिन्यात साखर संपली. रसदीचा रस्ता बंद झाला होता. बिनसाखरेचा, रॉकेलचा चहा. एक जण म्हणाला की शत्रूला हा पाजला तर उद्याच तह होईल. किटली मात्र सांगायचा, “एक डबा आहे माझ्याकडे. लपवलाय. युद्ध संपू दे, मग देतो, चमचा उभा राहील असा.” आम्ही तो डबा शोधायला सगळं ठाणं पालथं घातलं. मी अधिकारी असून पिठाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. त्याने हसून बघितलं आणि म्हणाला, “साहेब, गरम आहात, थोडंसं अजून गरम, आता गार झालात,” लहान मुलांशी खेळतात तसं. मग एका दुपारी रेडिओवर आलं की संपलं. युद्धबंदी झाली. त्या दिवशीचा उजेड मला आठवतो, इतका स्वच्छ की स्वतःच्या हाताची भीती वाटावी. माणसं ओरडली नाहीत, आधी खोकली. नंतर कुणीतरी हातातला मग वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच, चमच्यांनी, पत्र्यावर, आणि सगळे वर बघून ओरडायला लागले, “किटली, चहा. साखर घालून.” आणि वरून आवाज आला, नेहमीसारखा, “आलो, आलो.” तो केव्हाच डबा आणायला निघाला होता. मग एक आवाज झाला, जाड चादर झटकल्यासारखा. बस. त्या बाजूचा सगळा बर्फ निघून गेला होता आणि खालचा डोंगर काळा, ओला, नवा दिसत होता. आम्ही हातात मग घेऊन उभे होतो. हे आता सांगायला बरं नाही वाटत, पण काही वेळ आम्ही त्याची वाट बघत होतो. आलो म्हणालाय, म्हणजे येईल. किटली चुलीजवळ होती, तापलेली. तो सापडला दुसऱ्या दिवशी. डबा नाही सापडला.

आता यात गंमत अशी की तो कशातच बसत नाही. युद्ध संपल्यावर मेला, म्हणून युद्धात मेला नाही. गोळीने मेला नाही, म्हणून अपघात. या शहरातले गेलेले सहा, असं सरकारदरबारी एकदा ठरलं, ते सहा. दर वर्षी मी स्मरण दिन समितीच्या सेक्रेटरीला सांगतो की अजून एक आहे, आणि दर वर्षी तो म्हणतो, “कॅप्टनसाहेब, माझ्या हातात असतं तर,” आणि स्वतःचे दोन्ही हात उघडून दाखवतो, रिकामे. तो वाईट माणूस नाही. त्याची भीती सगळी वरच्या ऑफिसात राहते, तो फक्त तिला भेटायला जातो. या वर्षी मी म्हटलं, निदान फोटो तरी घ्या, माझ्या निमित्ताने तो फ्लेक्सवर तरी येईल. त्यांनी घेतला. आणि कात्री चालवली.

सभागृहात पोचलो तर व्यासपीठावर दुसरा, तसाच फ्लेक्स चढवण्याचं काम चाललं होतं. फ्लेक्सवाला शिडीवर होता, तोंडात दोरी. मी खालून विचारलं, “यातल्या सातव्याला तुम्ही कशावरून मारलंत?” त्याने दोरी काढली, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “मारलं नाही साहेब, टाइप झालं. आमच्या फॉन्टमध्ये चंद्र नीट निघत नाही. ऑपरेटर म्हणाला, त्याच्या जवळचं काय आहे ते टाक.”

“जवळचं म्हणजे मरण?”

“बॅट लिहायचं असलं तरी आमच्याकडे बैट होतं, साहेब. मनाला लावून घेऊ नका.”

तेवढ्यात सेक्रेटरी आला. म्हणजे मला बघून आधी थांबला, मग आला. त्याच्या एका कानाला फोन होता आणि तो चहावाल्याला झापत होता, “अहो सकाळपासून आलो आलो म्हणताय, आलात कुठे?” फोन ठेवला. मला हाताला धरून पडद्यामागे नेलं, तिथे ढोलकाएवढ्या दोन पुष्पचक्रांच्या मध्ये मला उभं केलं आणि कपाळावरचा घाम पुसला. “कॅप्टनसाहेब, चूक झाली. कबूल. सगळं कबूल. पण आता एक विनंती आहे.” आणि तो थांबला. काही वाक्यं अशी असतात की ती बोलायच्या आधी माणूस ती मनात एकदा म्हणून बघतो. “आजच्या दिवस तेवढं सांभाळून घ्या.”

“काय सांभाळून घेऊ?”

“म्हणजे, आहे ते. फ्लेक्सचा नमुना वर पाठवला होता, वरच्या ऑफिसातून सात मंजूर होऊन आलेत. सात पुष्पचक्रं, कुटुंबीयांच्या सात खुर्च्या, पाहुण्यांच्या भाषणात सात. आता सहा झाले तर सातवा कुठे गेला, असं विचारतील.”

“घरी गेला म्हणा. ब्रेड आणायला.”

निवेदिकाही आली होती. तिच्या हातात कागद होता आणि डोळ्यांत खरोखरीचं पाणी. “सर, माझी कवितासुद्धा सातावर आहे. ‘सात वीरांनी दिला मातीला हात, सात ज्योतींनी उजळली काळरात.’ सहा केलं तर मी काय करू? सहाला यमक काय आहे? पहा, आणि चहा.”

चहा म्हटल्यावर मला हसू आलं. ती दोघं घाबरली. माझ्या डोक्यात एक वेगळंच चाललं होतं. खरं सांगायचं तर मला ते काळ्या चौकटीतलं बरं वाटलं होतं. खालच्या पिवळ्या रांगेत दर वर्षी एक खुर्ची कमी होते. परवा तो टॅंकवाला गेला, त्याच्या आधी बिगुलवाला, त्याला शेवटी शेवटी स्वतःचं नाव आठवायचं नाही पण सगळे सूर आठवायचे. आम्ही उरलेले एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करताना एकमेकांकडे असं बघतो, जसं स्टेशनवर लोक गाडीचा बोर्ड बघतात. आणि वरची रांग बघा. सगळे चोवीस, पंचवीस, तेवीस. कुणाचा गुडघा दुखत नाही. आज सकाळी मी त्यांच्यात उभा होतो, टोपी तिरकी, आणि खांद्यामागे किटली. एका क्षणापुरतं वाटलं होतं की राहू द्यावं. मी तसाही त्या ओल्या काळ्या डोंगराकडे बघत हातात मग धरून कुठेतरी उभा आहेच, इकडे नुसता निवृत्तिवेतनावर सही करायला येतो.

“दुसरा उपाय नाही का?” मी विचारलं.

“संख्या बदलता येत नाही, साहेब,” सेक्रेटरी म्हणाला. “नावात काही दुरुस्ती असेल तर ती मी इथल्या इथे करतो. त्याला मंजुरी लागत नाही. काना, मात्रा, वेलांटी. तुम्ही म्हणाल तर मी आत्ता चंद्र काढतो पेनाने. पण मग ते कॅप्टन वरच्या रांगेत कसे, हा प्रश्न येतोच.”

“नावातली चूक तुम्ही दुरुस्त करता.”

“करतो.”

“मग ते कै. तसंच राहू द्या,” मी म्हटलं. “ते बरोबर आहे. त्याच्यापुढचं नाव चुकलंय.”

त्याला कळायला वेळ लागला. माझी बायको तोवर मागे येऊन उभी राहिली होती, तिला आधी कळलं, कारण तिने माझ्या कोटाची कॉलर नीट करायला घेतली, आणि ती हे फक्त मी काहीतरी बरं केलं की करते. सेक्रेटरीच्या चेहऱ्यावरून वरचं ऑफिस सरकत गेलं, मजल्यावर मजला. “तो किटलीवाला? साहेब, तो नियमात नाही बसत.”

“मी बसतो का? मी तर जिवंत आहे. माझ्यापेक्षा तो जास्त बसतो.”

“पण युद्ध संपलं होतं.”

“हो. त्याला डबा घेऊन खाली यायचं होतं, तेवढाच उशीर झाला. बघा, नाहीतर मी व्यासपीठावर पाहुण्यांच्या शेजारी जाऊन बसतो. माझ्या श्रद्धांजलीला मीही दोन शब्द बोलेन म्हणतो.”

“आणि मला वीरपत्नी म्हणून बोलावलंत तर मी यांना घेऊनच वर येणार,” बायको म्हणाली. “डॉक्टरांनी साखर बंद केलीय, आणि यांना एकटं सोडलं की हे गोड खातात.”

सेक्रेटरीने हात उघडले, रिकामे, सवयीने. मग त्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि निवेदिकेच्या हातातला कागद घेतला. “तुमचं नाव मग कुठेच येणार नाही, साहेब,” तो हळू आवाजात म्हणाला. “खालची रांगही मंजूर होऊन आलीय. तिच्यात तुम्ही नाही.” हे मला सुचलं नव्हतं. कोट, इस्त्री, पदकाचं भोक. माझ्यातल्या एका अगदी लहान माणसाला वाटलं की दर वर्षीसारखं आपलंही नाव पुकारलं जावं, आपणही अर्धवट उठून हात वर करावा. या वर्षी पुकारलं तर पुकारलं, पुढचं वर्ष कुणी बघितलंय. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “मी घरी गेल्यावर पुकारते.” मग मी सेक्रेटरीला किटलीचं नाव सांगितलं, त्याचं, वडिलांचं, आडनाव. सांगताना जीभ अडखळली. इतक्या वर्षांत ते नाव मी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं, हजेरी सोडून.

किटलीची बहीण दर वर्षी येते. शेवटच्या रांगेत, चहाच्या टेबलाजवळ बसते, कारण कुटुंबीयांच्या खुर्च्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या असतात. शिवणकाम करायची, आता दोरा ओवत नाही म्हणून नुसती काजं-बटणं करते. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तिने माझ्या कोटाचं दुसरं बटण चिमटीत धरून बघितलं. “सैल झालंय, साहेब. घेऊन या एकदा.” मग समोरच्या फ्लेक्सकडे हनुवटी केली. “तुमचा फोटो वर गेला.”

“चुकून.”

“ती नळी आमचीच ना?”

“तुमचीच.”

“मी लांबून ओळखली,” ती म्हणाली. “टोकाला चेपलीय. दादाने लहानपणीही घरातली एकही किटली सरळ ठेवली नव्हती.” आत काय ठरलंय ते मी तिला सांगितलं नाही. मला भीती वाटत होती. सेक्रेटरी ऐन वेळी वरच्या ऑफिसाला भेटायला गेला तर काय, निवेदिकेने सवयीने माझंच नाव वाचलं तर काय, आणि हिने मग माझ्याकडे कसं बघावं. पाहुणे आले, दिवे लागले, माइकने एक किंकाळी फोडली. निवेदिकेने मातीला हात दिला, काळरात उजळली. एकेक नाव आलं, एकेका खुर्चीतून एकेक माणूस उठलं, कुणाचा मुलगा, कुणाची नात, पुष्पचक्र धरून पाहुण्यांच्या शेजारी उभं राहिलं. सहा झाले. निवेदिका थांबली. कागदाकडे बघितलं. पेनाने लिहिलेलं तिला लागत नव्हतं, किंवा विशेषण सापडत नव्हतं. माझा हात पत्र्याचा मग धरल्यासारखा आपोआप गोल झाला होता.

मग तिने ते नाव वाचलं. साधं, विशेषण न लावता, वडिलांच्या नावासकट. आणि मला, खरं सांगतो, क्षणभर कळलंच नाही की हा कोण. इतकं अनोळखी, नीटनेटकं नाव. कुणीतरी सभ्य माणूस. मग शेजारी काहीतरी हललं. बहीण माझ्याकडे बघत होती, तोंड थोडं उघडं. “आपलाच?” तिने विचारलं. मी मान हलवली. ती उठली, साडीच्या पदराला बोटं पुसली, कापड हाताळण्याआधी पुसतात तशी, आणि मधल्या वाटेने पुढे चालायला लागली. अजिबात घाई नव्हती तिला. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. ती चालत राहिली. सातव्या खुर्चीवर माझ्या नावाची चिठ्ठी तशीच होती. तिने ती सोडवली, घडी करून टाकली नाही, कमरेला खोवली, आणि पुष्पचक्राला हात लावला.

निवेदिका म्हणाली, आता आपण दोन मिनिटं मौन पाळू. सगळे उठले. खुर्च्यांचा आवाज झाला आणि तोही विझला. मी उभा राहिलो, मान खाली, आणि सवयीने, नाव पुकारून झालं होतं म्हणून, वाट बघायला लागलो. माणूस म्हातारा झाला की असं होतं. नाव पुकारलं की उत्तर यायला हवं, नाहीतर हजेरी पुढे जात नाही. सभागृहात पंख्याचा आवाज, कुणाच्या तरी नाकाचा, आणि त्याच्या मागे ती जुनी शांतता, चादर झटकल्यानंतरची, डझनभर माणसं हातात मग धरून वर बघणारी. मी वर बघितलं. छत होतं, पंखा होता.

आणि बाहेर जिन्यावरून, सगळ्या मौनाला भेदून, जाड, धापा टाकणारा आवाज आला, “आलो, आलो, अहो आलो ना.”

दार ढकललं गेलं. आधी नळी आत आली, मग किटली, ॲल्युमिनियमची, मोठी, आणि तिच्यामागून चहावाला, गळ्यात कपांची पिशवी. आत सगळे दगडासारखे उभे बघून तो जागच्या जागी थिजला. सेक्रेटरीने समोरून ओठांवर बोट ठेवलं, डोळे एवढे मोठे करून. निवेदिकेने डोळे मिटून घेतले. व्यासपीठावर किटलीची बहीण मात्र नळीकडे बघत होती. माझे खांदे हलायला लागले. शेजारच्या माणसाने मला आधार द्यायला हात पुढे केला, त्याला वाटलं मला रडू आवरत नाही. त्यालाही मी चूक म्हणणार नाही.

चहावाला सगळीकडे बघत होता, आता करावं काय. मी त्याच्याकडे बघून हात पुढे केला, गोल करून. त्याला तेवढंच हवं होतं. त्याने आवाज न करता एक कप काढला आणि ओतला, आणि सगळं सभागृह उभं असताना, मान खाली घालून, कुणीही न बोलता, चहा पडत राहिल्याचा आवाज येत राहिला. बायको माझ्याकडे बघत होती. तिने डॉक्टरांचं नाव घेतलं नाही, नुसती दुसरीकडे बघायला लागली. मी कप दोन्ही हातांत धरला. आधी बोटं आली. मग घोट घेतला.

साखर भरपूर होती.